घरासाठी पोर्टेबल प्रेशर वॉशर घ्यायचाय, बॅटरीवाला घेऊ की वायरचा? आणि वापरताना धोका किती असतो?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: सांगलीला स्वतःचं घर, पुढे शहाबादी फरशीचं अंगण, एक कार आणि दोन बाइक, बजेट सात हजारांपर्यंत, ऑनलाइन दोन हजाराला एक बॅटरीवाली गन दिसतेय तिच्यावर '१०० बार' लिहिलंय, ती घ्यावी का, आणि घरात लहान मुलं असल्यामुळे भीती वाटते. मी संगमेश्वरकडचा, आमच्याकडे पाऊस संपला की खळ्यात (म्हणजे अंगणात), पायऱ्यांवर, गडग्यावर (दगडी कुंपणावर) सगळीकडे शेवाळच शेवाळ, त्यामुळे चार वर्षं वायरचं मशिन वापरतोय, आणि त्याच्या आधी तुमच्यासारखीच ती बॅटरीवाली गन घेऊन फसून झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॉक्सवरचा 'बार'चा आकडा सोडून द्या, किंवा सोडू नका पण एकटा बघू नका. दोन आकडे लागतात, प्रेशर किती बार आणि पाणी मिनिटाला किती लिटर. दोघांचा गुणाकार करायचा आणि ६०० ने भागायचं, झालं, पाण्याला किती किलोवॅट ताकद लागते ते कळतं. म्हणजे १०० बार आणि मिनिटाला ६ लिटर असेल तर बरोबर १ किलोवॅट. मोटर आणि पंपात थोडं वाया जातंच, म्हणून असं मशिन साधारण १४०० ते १६०० वॅटचं असायला हवं, आणि बाजारात ती तशीच असतात. आता कोणी १५०० वॅटच्या मशिनवर २०० बार आणि ८ लिटर लिहिलं असेल तर हिशोब करा, २.६ किलोवॅटच्या वर जातो, कुठून आणणार? (काही वेळा खोटं नसतं, मॅक्स बार आणि मॅक्स लिटर वेगवेगळे मोजून शेजारी शेजारी छापलेले असतात. मॅन्युअलमध्ये 'रेटेड' किंवा 'वर्किंग' प्रेशर दिलेलं असतं, ते बघायचं.)

हाच हिशोब त्या बॅटरीवाल्या गनला लावा. माझ्या गनवर ठळक अक्षरात '४८ व्ही' लिहिलं होतं. सहा महिन्यांत बॅटरी बसली म्हणून उघडली, तर आत पाच सेल एकामागे एक जोडलेले, म्हणजे फुल चार्जला २१ व्होल्ट, बस. चालताना सरासरी १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर धरले तर बॅटरीत ३६ वॅट-अवर. १०० बारने मिनिटाला ५ लिटर पाणी मारलं तर ती अडीच मिनिटांत संपायला पाहिजे, आणि माझी तर दहा-बारा मिनिटं चालायची! म्हणजे प्रेशर किती असेल ते तुम्हीच समजा. टाकाऊ वस्तू आहे असं नाही म्हणणार, फ्लॅटमध्ये राहणारा माणूस बादलीतून पाणी घेऊन बाइकचा चिखल काढतो, त्याला ठीक आहे. पण शेवाळ? शेवाळ तिला बघून हसतं.

तुमच्या कामाला वायरचं, १४०० ते १८०० वॅटचं मशिन घ्या, बजेटमध्ये बसेल. या किमतीत मोटर कार्बन ब्रशवाली मिळते, आवाज मिक्सरसारखा कर्कश, सलग तासभर चालवायची नाही, वीस मिनिटं झाली की चहा प्या. इंडक्शन मोटरचं मशिन शांत आणि टिकाऊ पण जड आणि महाग, रोज धुण्याचा धंदा असेल तर घ्यावं. दोन गोष्टी मात्र पाहूनच घ्या: ट्रिगर सोडल्यावर मोटर आपोआप बंद होते का, आणि बादली-पिंपातून पाणी खेचतं का, कारण आपल्याकडे नळाला पाणी कधी येणार ते नळालाच माहीत. आणि सर्व्हिस सेंटर सांगलीत किंवा निदान कोल्हापुरात आहे का ते विचारा, ब्रँडपेक्षा ते महत्त्वाचं.

पिंपातून खेचताना लोक हमखास एक चूक करतात, पाइप कोरडा ठेवून बटण दाबतात. पंप कोरडा चालला की आतले सील जातात. पाइप आधी पाण्याने भरायचा, तोंडाला जाळी लावायची, नोझल काढून ट्रिगर दाबून ठेवायचा, आधी फस-फस हवा येते, मग एकसारखी धार लागली की नोझल लावायचं. मशिन पाण्यापेक्षा फार उंचावर ठेवू नका. बोअरचं पाणी असेल तर फिल्टर पाहिजेच, रेतीने पंप खलास होतो.

आता धोक्याचं. पहिला धोका करंट. १८०० वॅट म्हणजे जवळपास ८ अँपिअर, सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटमध्ये अडॅप्टर घालून चालवू नका, १६ अँपिअरचाच पॉइंट लागतो, आणि अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, जुन्या घरात तीन भोकं असतात पण तिसऱ्याला मागे वायरच नसते. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) असावा, त्याचं टेस्ट बटण दाबून पडतो का बघा. एमसीबी आहे म्हणून निवांत राहू नका, एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. एक्स्टेन्शन लागलीच तर जाड वायरची, तीन पिनची, पूर्ण उलगडलेली (गुंडाळलेली तापते), आणि तिचा बोर्ड जमिनीवर नाही, खिडकीला टांगायचा. आमच्याकडे एकदा बोर्ड पायरीवर होता आणि पाणी वाहत वाहत त्याच्याकडे निघालेलं, बायकोने बघितलं म्हणून मी हे उत्तर लिहितोय.

दुसरा धोका धारेचा, आणि हा लोकांना खराच वाटत नाही, पाणीच तर आहे म्हणतात. मी पहिल्या वर्षी साध्या स्लीपर घालून खळं धूत होतो, अगदी बारीक धारेचं नोझल, पाय थोडा पुढे गेला आणि अंगठ्याजवळचा स्लीपरचा तुकडा गेला. कापला गेला, सुरीने कापावा तसा. अंगठा दोन बोटांवर होता. धार कातडीतून आत शिरली तर वरून फक्त टाचणीएवढं भोक दिसतं, रक्तही फार येत नाही, दुखतही नाही कधी कधी, पण आत पाणी, माती, साबण मांसात पसरलेलं असतं आणि मग हात-पाय सुजून सडायची वेळ येते. असं झालं तर हळद लावून बसू नका, सरळ हॉस्पिटलला जायचं आणि 'प्रेशर मशिनची धार आत गेली आहे' हे शब्द वापरून सांगायचं, नाहीतर साधं खरचटलं समजून पट्टी बांधून पाठवतील. त्यामुळे गमबूट, चष्मा, फुल पँट. मुलांना घरात पाठवायचं, गंमत म्हणूनही गन त्यांच्या हातात द्यायची नाही, एकमेकांवर मारायची ही वस्तू नाही. हात धुवायला, पाय धुवायला तर नाहीच.

नोझल वेगवेगळ्या रंगांची आली तर लाल म्हणजे शून्य अंश, एका बिंदूवर धार, ती ड्रॉवरमध्येच ठेवा. हिरवं २५ आणि पांढरं ४०, घरची कामं यातच होतात. काळं साबणाचं. फिरवायचं एकच नोझल असेल तर पंख्यासारखी पसरट धार करूनच सुरुवात करायची, लांबून, मग हळूहळू जवळ. माझ्या जोत्याला चिरा (लाल जांभा दगड) आहे, त्यावर हौसेने जवळून मारलं तर लाल पाणी वाहायला लागलं, मला वाटलं मळ निघतोय, तो चिराच निघत होता! दोन सांध्यांतला चुनाही गेला. तुमच्या शहाबादीचे पापुद्रे सुटू शकतात आणि सांध्यांतलं सिमेंट उडतं, तेव्हा आधी एका कोपऱ्यात मारून बघा.

गाडीला निदान एक फूट अंतर, टायरला पण. बाइकची चेन, चाकांचे बेअरिंग, हँडलवरचे स्विच, रेडिएटरची जाळी, इथे थेट धार नको, ग्रीस निघून पाणी शिरतं आणि महिन्याभराने चाक कुरकुरायला लागतं तेव्हा कोणाला आठवतच नाही कशामुळे ते. गरम इंजिनवरही नको.

शिडीवर चढून मारू नका, गन मागे झटका देते. आणि मागे सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांवरचं शेवाळ मशिनने काढायच्या भानगडीत पडूच नका, त्यांत बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याचे तंतू सुटतात आणि ते फुप्फुसाला वाईट.

शेवाळ पुन्हा लवकर येऊ नये म्हणून मी धुतल्यावर ब्लिचिंग पावडरचं पाणी झाडूने पसरतो, मशिनच्या साबणाच्या टाकीत नाही घालत, सील खातं ते. त्यावर टॉयलेटचं अ‍ॅसिड ओतायचं नाही, विषारी गॅस होतो.

काम झालं की मशिन बंद, नळ बंद, मग ट्रिगर दाबून उरलेलं प्रेशर सोडायचं आणि मगच पाइप काढायचा, उलट केलं तर पाइप सापासारखा उसळतो. ट्रिगर सोडलेला असताना मोटर मध्येच स्वतःहून घर्र करून सुरू होऊन बंद होत असेल तर कुठेतरी गळतंय समजा, बहुतेक वेळा जोडावरची ओ-रिंग (रबराची गोल कडी) असते, किरकोळ पैशात मिळते. मी दोन-चार जास्तीच्या मशिनच्या हँडलला दोऱ्याने बांधूनच ठेवल्यात.