खर्च वसूल झाला तरी टोल का चालू राहतो?

पुलाचा खर्च कधीच निघाला असणार, मग टोल अजून का, असा तुमचा प्रश्न. वरच्या प्रतिक्रियांत दोघांनी ‘सगळे पैसे खातात’ म्हणून विषय संपवलाय. खात असतीलही. पण बरेचदा खायची गरजच पडत नाही, करारच तसा लिहिलेला असतो. बँकेत प्रकल्पकर्जाच्या फायली वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. अशा करारात मी आधी व्याख्यांचं पान उघडतो आणि ‘प्रकल्प खर्च’ म्हणजे काय ते बघतो.

दिल्ली आणि नोएडा जोडणाऱ्या डीएनडी या टोल-रस्त्याचंच घ्या. १९९७ साली नोएडा प्राधिकरणाचा खासगी कंपनीशी करार झाला, २००१ मध्ये रस्ता सुरू झाला. खर्च सुमारे ४०८ कोटी. मुदत ३० वर्षं, पण तिला शेपूट होतं: एकूण खर्च आणि त्यावर वर्षाला २० टक्के परतावा पूर्ण वसूल होईपर्यंत मुदत वाढणार. एखाद्या वर्षी परतावा कमी पडला, तर ती तूट खर्चातच मिळवायची.

आता कागद-पेन्सिल घ्या. ४०८ वर २० टक्के म्हणजे साधारण ८२ कोटी. समजा, पहिल्या वर्षी देखभाल वगैरे जाऊन हातात २० कोटी उरले. बाकी ६२ कोटी खर्चात, म्हणजे खर्च झाला ४७०. पुढच्या वर्षी त्यावर ९४. टोल वाढून २५ कोटी उरले तरी खर्च ५३९. तिसऱ्या वर्षी ३० कोटी उरले, खर्च ६१७! (दरवर्षी हातात किती उरले ते आकडे माझे, नियम करारातला.) टोल दरवर्षी वाढतोय आणि फेडायची रक्कम त्याच्या पुढे पळतेय. सावकाराच्या वहीत याहून वेगळं काय असतं?

नोएडातल्या रहिवासी संघटनांच्या महासंघाने नेमकं यावरच बोट ठेवलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने टोल बंद केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. खर्च, देखभाल आणि वर भरपूर नफा कंपनीला मिळून गेलाय, असं न्यायालय म्हणालं. निविदा न काढता काम दिल्याबद्दल आणि टोल लावायचा अधिकार कंपनीच्या हाती सोपवल्याबद्दल प्राधिकरणालाही सुनावलं.

कोल्हापूरचं उदाहरण इथे नेहमी येतं, पण तो मामला वेगळा. तिथे शहरातल्याच रस्त्यांसाठी वेशीवर नाके आले आणि एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं रस्त्यावर उतरली. २०१५ च्या अखेरीस टोल गेला तो सरकारी निर्णयाने, त्यामुळे कंपनीची भरपाई सरकारच्या तिजोरीतून. म्हणजे नाक्यावर वाचले ते दुसऱ्या खिशातून गेले. तरी मी कोल्हापूरकरांना दोष देणार नाही. घरातून बाजारात जायला टोल कोण भरेल?

तुमच्या पुलाबाबत माहितीच्या अधिकारात ‘किती वसूल झाले’ एवढंच विचारू नका, मोघम आकडा हातात ठेवतील. कराराची प्रत मागा, परिशिष्टांसकट. खर्चाची व्याख्या, परताव्याचा दर आणि मुदतवाढीचं कलम बऱ्याचदा तिथेच लपलेलं असतं. सोबत लेखापरीक्षकाने दरवर्षी काढलेली शिल्लक वसुली मागा. ती पानं मिळाली की इथे टाका, आकडेमोड मी करून देतो.