‘मार्जिनल हँड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: ‘आम्ही आठ जण सेव्हन कार्ड स्टड हाय-लो हा पोकरचा प्रकार खेळतो. नव्याने आलेल्या दोघांसाठी मराठीत टिपण लिहितो आहे. “मार्जिनल स्टार्टिंग हँड”ला मी “सीमांत प्रारंभिक हात” लिहिलं, तर दोघंही म्हणाले की हे पत्त्यांचं वाटतच नाही. “काठावरचे हात” चालेल का, की इंग्रजीच ठेवू?’

इंग्रजी ठेवायची गरज नाही. मार्जिनल म्हणजे खेळावीत की सोडावीत हे पटकन ठरत नाही अशी पानं, त्यांना मराठी नाव नक्की सापडेल. पण तुमच्या तीन शब्दांत मला सगळ्यात जास्त खटकतो तो ‘सीमांत’ नव्हे, ‘हात’. मेंढीकोट किंवा पाच-तीन-दोन खेळलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, हात म्हणजे काय. प्रत्येकाने एकेक पान टाकलं, मोठ्या पानाने ते उचललं, की एक हात झाला. ‘आमचे सात हात झाले’, ‘तुझे दोन हात ओढायचे राहिलेत’ अशी वाक्यं आपण लहानपणापासून बोलतो. पोकरमधला ‘हँड’ म्हणजे हातात असलेली पानं. त्यामुळे ‘सुरुवातीचा हात’ असं वाचलं की मराठी खेळाडूच्या डोक्यात पहिली उतारी येते. त्यापेक्षा ‘सुरुवातीची पानं’ म्हणा. ‘पानं कशी आलीत?’ हे आपण विचारतोच, आणि तेच इथे विचारायचं आहे.

‘पत्ते’ आणि ‘पानं’ यांतला फरकही इथे उपयोगी पडतो. पत्ते खेळायचे असतात, पिसायचे असतात; वाटून हातात आली की ती पानं होतात. टिपणात हा भेद पाळलात तर वाक्यं आपोआप घरची वाटू लागतील.

आता ‘सीमांत’. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हा शब्द रुळलेला आहे, घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत बारावीला वाणिज्य घेतलेल्यांना आठवत असेल. पण त्या वर्गाबाहेर मराठी कानाला ‘सीमांत’ म्हटलं की सीमांतपूजन ऐकू येतं. नवरदेव, वेशीवर झालेलं स्वागत, लग्नाच्या आदल्या संध्याकाळची धावपळ. तुमच्या दोघांना शब्द परका वाटला याचं कारण मला तरी हेच दिसतं: शब्दाला मराठीत आधीच एक घर आहे, आणि ते पत्त्यांच्या बैठकीपासून फार लांब आहे.

या शब्दाची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ‘सीमा’ आणि ‘अन्त’ यांचा संधी नेमाने ‘सीमान्त’ होतो. पण केसांतल्या भांगाचा अर्थ असेल तेव्हा मात्र ‘सीमन्त’ होतो, दीर्घ ‘मा’ तिथे ऱ्हस्व होतो. संस्कृत व्याकरणात त्यासाठी खास वार्तिकच आहे, ‘सीमन्तः केशवेशे’. सीमंतिनी आणि सीमंतोन्नयन हे शब्द त्यातूनच आले. म्हणजे त्याच दोन शब्दांपासून एकीकडे हद्दीचा शेवट आणि दुसरीकडे मधोमध काढलेली रेघ, असे दोन अर्थ निघाले. हाय-लोमध्ये या दोन्ही रेघा भेटतात. पॉटच्या, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांच्या, मधोमध भांग पाडलेला असतो, अर्धा सगळ्यात वरच्या पानांना आणि अर्धा सगळ्यात खालच्या पानांना. आणि तुम्ही ज्या पानांना नाव शोधताय ती हद्दीवरची आहेत. शब्द वापरायचा नसला तरी हे चित्र मनात असू द्या. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या दोन रेघांमध्येच आहे.

‘मार्जिन’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘मार्गो’ आहे, म्हणजे कड, किनार. मराठीत याला तीन वेगवेगळे शब्द लागतात. वहीच्या पानावर सोडतो तो समास, धंद्यात सुटतो तो फरक, आणि नदीला, साडीला, भांड्याला असतो तो काठ. बातम्यांत ‘मार्जिनल’ला सर्रास ‘किरकोळ’ लिहितात, ‘किरकोळ वाढ’ वगैरे. इथे ते साफ चुकेल. किरकोळ पानं म्हणजे बिनकामाची पानं, आणि त्यांचा प्रश्नच नसतो, ती पॅक करायची, म्हणजे डाव तिथेच सोडायचा. मार्जिनल पानांचा त्रासच हा, की ती किरकोळ नाहीत.

म्हणून ‘काठावरची’ हा तुमचा शब्द मला पटतो. फक्त एक अडचण सांभाळायला हवी. आपल्याकडे ‘काठावर’च्या मागे ‘पास’ चिकटलेलं असतं. शंभरात 35 गुण पडले की मुलगा काठावर पास. त्यात मुलगा पार पडलेला आहे; धाकधूक होती, पण निकाल लागला. काठावरच्या पानांचा निकाल मात्र अजून लागलेला नसतो. वाचणाऱ्याने ‘काठावरची पानं’ म्हणजे ‘जेमतेम खेळण्याजोगी पानं’ असं घेतलं, तर तो ती प्रत्येक वेळी खेळत राहील, आणि पैसे नेमके तिथेच जातात.

हे पानं मांडूनच दाखवतो. तुमच्यासारखे आठ जण बसलेत. प्रत्येकाला दोन झाकलेली आणि एक उघडं पान मिळालं आहे. (आठही जण शेवटच्या सातव्या पानापर्यंत थांबले तर 56 पानं लागतील आणि पत्ते आहेत 52. म्हणजे बहुतेकांनी मध्येच पॅक करायचं, हे या खेळाच्या रचनेतच धरलेलं आहे.) तुमच्याकडे झाकलेली दुर्री आणि छक्की, उघडी अठ्ठी, तिघी तीन रंगांच्या. तुम्हाला लो जमवायचं आहे, म्हणजे अठ्ठीपर्यंतची पाच वेगवेगळी पानं. तुम्हाला हवेत एक्का, तिर्री, चार, पंजी, सत्ती यांतले कुठलेही दोन. अख्ख्या पत्त्यांत अशी 20 पानं.

आता समोर बघा. बाकी सात जणांची उघडी पानं आहेत राजा, राणी, राणी, दश्शी, नव्वी, गुलाम आणि एक दुर्री. तुम्हाला हवं असलेलं एकही पान गेलेलं नाही. तुमची तीन आणि ही सात वगळता न दिसलेली पानं 42, त्यांत तुमची 20. पुढचं पान कामाचं येण्याची शक्यता शेकडा 48 च्या जवळ. शिवाय समोर लोच्या मागे जाणारा एकच दिसतो आहे.

तीच तीन पानं तशीच हातात ठेवा आणि समोरची बदला: एक्का, तिर्री, तिर्री, पंजी, पंजी, सत्ती, राणी. तुमची सहा पानं उघड्यावर गेली. 42 मध्ये उरली 14, म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा. त्यातून एक्क्याने वाढवलं आहे, आणि लोच्या मागे तुमच्यासकट सात जण लागू शकतात. त्यातल्या बहुतेकांचं लो जमलं तर तुमच्यापेक्षा चांगलं निघेल, कारण तुमच्या पानांत अठ्ठी आहे आणि लोमध्ये अठ्ठीवरचं लो सगळ्यात शेवटी बसतं.

पानं तीच. पहिल्या बैठकीत ती स्वस्तात पुढे न्यायला हरकत नाही, दुसऱ्या बैठकीत त्यांना हातही लावू नये. म्हणून माझं म्हणणं असं आहे की ‘काठावरची’ हे विशेषण पानांचं नाहीच, ते त्या वेळच्या बैठकीचं आहे. काठ हा शब्द मला यासाठीच आवडतो. नदीचा काठ पाण्यावर ठरतो. उन्हाळ्यात ज्या दगडावर बसून कपडे धुतले जातात, तो आषाढात पाण्याखाली असतो. दगड हललेला नसतो. ‘सीमा’ या शब्दात हे हलणं नाही. सीमा एकदा आखली की आखली.

इंग्रजीत उघड्यावर दिसून गेलेल्या पानांना ‘डेड’ म्हणतात, आणि तुम्हीही टिपणात कुठेतरी ‘मृत पाने’ लिहिलं असेल अशी मला शंका आहे. आपला शब्द तयार आहे: गेलेली पानं. ‘किती हुकूम गेले?’ हे कुणीही मराठी माणूस विचारतो. ‘तिर्ऱ्या दोन गेल्यात, पंज्या दोन गेल्यात’ हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

आता दुसऱ्या रेघेकडे, मधल्या भांगाकडे. अर्धा पॉट मिळणं म्हणजे जिंकणं, असं नव्याला वाटतं. हिशोब करून बघा. दोघंच उरलेत, प्रत्येकाने 100 घातले. अर्धा मिळाला म्हणजे आपलेच 100 परत आले. तिघं असतील तर पॉट 300, अर्ध्याचे 150, सुटले 50. अख्खा उचलला तर सुटतात 200. अख्खा पॉट अर्ध्याच्या दुप्पट असतो, पण सुटलेली रक्कम चौपट. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. आणि ‘सर्वनाश समोर आला की शहाणा अर्ध्यावर पाणी सोडतो’ हे सुभाषित ज्यांना पाठ आहे त्यांनी ते या खेळात जपून वापरावं. अर्धं वाचवायला म्हणून शेवटपर्यंत थांबलेला माणूस बहुधा तेही घालवतो.

इथून पुढे टिपणात तुम्हाला ‘वन-वे’ आणि ‘टू-वे’ हे शब्द लागतील. त्यांना एकेरी आणि दुहेरी म्हणा. वरची दुर्री-छक्की-अठ्ठी एकेरी आहे, तिची नजर फक्त खालच्या अर्ध्यावर. पंजी-छक्की-सत्ती दुहेरी आहे: खाली लो जमतं आणि वर सिक्वेन्सही (ओळीने पाच पानं) लागू शकतो, कारण लो मोजताना सिक्वेन्स किंवा कलर (पाचही पानं एका रंगाची) झाला म्हणून काही बिघडत नाही. एक्का तर एकटाच दुहेरी, तो खाली सगळ्यात लहान आणि वर सगळ्यात मोठा. काठावरच्या पानांबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा: एकेरी की दुहेरी? एकेरी असतील तर समोरचं चित्र फारच बरं हवं.

नव्वीच्या जोडीसाठी मात्र मला ‘काठावरची’ हा शब्दही वापरवत नाही. नव्वी लोसाठी एका घराने मोठी आणि वरच्या अर्ध्यासाठी पाच पानांनी लहान. दश्शीपासून एक्क्यापर्यंत कुठलीही जोडी तिच्यावर बसते. तिला त्रिशंकू म्हणावं. भरल्या बैठकीत माझा कल ती पॅक करण्याकडेच असतो.

पॅकवरून आठवलं. ‘फोल्ड’ला टिपणात ‘पानं टाकणे’ लिहू नका. मेंढीकोटात पान टाकणं म्हणजे खेळणं. ‘अशी पानं टाकावीत’ हे वाक्य नवा माणूस उलटं समजू शकेल. तीनपत्तीमुळे ‘पॅक करणे’ घरोघरी पोहोचलेलं आहे, तेच लिहा. ‘एट ऑर बेटर’चंही, म्हणजे लोमध्ये अठ्ठीपेक्षा मोठं पान चालत नाही या अटीचंही, तसंच. ‘आठ किंवा चांगले’ याने काहीच कळत नाही, कारण इथे चांगलं म्हणजे लहान. ‘अठ्ठीच्या आत’ लिहिलं तर अठ्ठी चालते की नाही अशी शंका येईल. ‘अठ्ठीपर्यंत’ म्हणा, त्यात अठ्ठी धरलेली आहे हे कुणालाही कळतं.

राहिला तो निर्णय, म्हणजे खेळू की नको असं होणं. त्यासाठी आपल्याकडे इतका नेमका शब्द आहे की तो सोडून दुसरं काही लिहिणं मला जमणार नाही: तळ्यात-मळ्यात. अंगणात रेघ मारलेली, एका बाजूला तळं आणि दुसऱ्या बाजूला मळा, राज्य घेतलेला ओरडेल तिकडे उडी. त्या खेळात रेघेवर उभं राहिलेलं चालत नाही. स्टडमध्येही रेघेवर फार वेळ राहता येत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या पानाला बोली लहान असते, पाचव्या पानापासून ती दुप्पट होते. म्हणून काठावरची पानं घेऊन तुम्ही पुढे गेलात, तर चौथं पान हीच उडी मारायची जागा. तुम्हाला राजा आला आणि समोरच्याच्या एक्क्यावर पंजी बसली, तर तिथेच पॅक. चौथं पान वाया गेलं म्हणून पाचवं बघायला थांबलेला माणूस लहान बोलीतली चूक मोठ्या बोलीत नेतो.

आणखी एक बारकावा: तळ्यात-मळ्यात हे माणसाचं असतं, पानांचं नसतं. ‘तळ्यात-मळ्यात पानं’ असं लिहू नका. पानं काठावरची, खेळणारा तळ्यात-मळ्यात.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘सुरुवातीची पानं काठावरची असतील, तर आधी समोर बघा. आपली किती पानं गेली, लोच्या मागे किती जण चाललेत, कुणी वाढवलं आहे का. पानं एकेरी असतील आणि आपल्यातली पाच-सहा गेली असतील, तर पॅक करा. दुहेरी असतील आणि स्वस्तात मिळत असेल, तर चौथं पान बघा. तिथे तळ्यात-मळ्यात नको.’

‘ब्रिंग-इन’साठी मला अजून मनासारखा शब्द सापडलेला नाही. सगळ्यात लहान उघडं पान असलेल्याला सक्तीने करावी लागणारी ती पहिली छोटी बोली. तोवर ‘पहिली बोली सगळ्यात लहान उघड्या पानाची’ असं अख्खं वाक्यच लिहा. तुमच्या बैठकीत कुणाच्या तोंडून आपसूक एखादा शब्द निघाला, तर मला जरूर कळवा.