एकच सीडी, नावे मात्र वेगवेगळी

प्रश्न : लिनक्सवर तयार केलेल्या माझ्या एका जुन्या सीडीतील फायलींची लांब नावे लिनक्सवर पूर्ण दिसतात, विंडोजवर मात्र तीच नावे आठ अक्षरांवर तुटलेली आणि सगळी कॅपिटलमध्ये दिसतात. सीडी खराब झाली आहे का? फायलींना देवनागरी नावे देऊन नवी सीडी केली, तर ती दोन्हीकडे नीट वाचता येईल का?

उत्तर : सीडी खराब झालेली नाही. फायलीतील मजकूर सीडीवर एकदाच साठवलेला असतो, परंतु तिचे नाव एकाहून अधिक ठिकाणी नोंदवता येते आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम त्यांतले आपल्याला कळणारे नाव उचलते. १९८८ साली ठरलेल्या आयएसओ ९६६० या सीडीवरील फायलींच्या मांडणीच्या मानकाच्या पहिल्या पातळीत नावाला आठ आणि एक्स्टेन्शनला तीन अक्षरे, तीही फक्त रोमन कॅपिटल, अंक आणि अंडरस्कोर, एवढीच मुभा होती. ही चौकट अपुरी पडल्यावर दोन स्वतंत्र वाटा निघाल्या. युनिक्सच्या (लिनक्स ज्या धर्तीवर बनली त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) जगातील रॉक रिज पद्धतीत मूळ नोंदीच्याच मोकळ्या जागेत लांब नाव, परवानग्या आणि सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फायलीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) लिहिल्या जातात. मायक्रोसॉफ्टच्या जोलिएट पद्धतीत फोल्डरांची दुसरी संपूर्ण यादी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांना सामावणाऱ्या चिन्हसंचात, वेगळी ठेवली जाते. लिनक्सला दोन्ही वाचता येतात, विंडोज मात्र रॉक रिजकडे पाहतच नाही. तुमच्या सीडीवर बहुधा केवळ रॉक रिज असल्यामुळे विंडोजच्या हाती मूळची तोकडी नावेच लागतात.

देवनागरी नावे चालतील, पण मोजमाप ध्यानात ठेवावे. जोलिएटची मर्यादा ६४ युनिकोड चिन्हांची असून काना, वेलांटी आणि हलन्त ही प्रत्येकी वेगळी मोजली जातात, त्यामुळे ‘विद्यार्थी’ हा डोळ्यांना तीन अक्षरांचा वाटणारा शब्द दहा चिन्हे खातो. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइटची असते आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे तेथे ८५ चिन्हे मावतात. केवळ जोलिएट असलेली सीडी लिनक्सवर उघडताना नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली, तर माउंट करताना (सीडी सिस्टिमला जोडताना) ‘आयओचारसेट’ या पर्यायाला ‘यूटीएफ८’ (मधल्या आडव्या रेघेशिवाय) हे मूल्य द्यावे.

एकदा बंद केलेल्या सीडीवर नावांची दुसरी यादी मागाहून घालता येत नाही. म्हणून लिनक्सवर, जेथे नावे शाबूत दिसतात तेथेच, सगळ्या फायली हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि ‘जेनआयएसओइमेज’ या प्रोग्रॅमने नवी प्रतिमा (सीडीवर लिहायची अख्खी मांडणी एका फायलीत) करताना जोलिएटसाठी कॅपिटल ‘जे’ आणि रॉक रिजसाठी लहान ‘आर’ असे दोन्ही पर्याय द्यावेत. कॅपिटल ‘आर’ही चालतो, पण तो तुमच्या संगणकावरील मालकी आणि परवानग्या जशाच्या तशा सीडीवर नेतो, आणि मग दुसऱ्याच्या लिनक्सवर एखादी फाइल उघडत नाही, लहान ‘आर’ सर्वांना वाचण्याची परवानगी देऊन ठेवतो. लिनक्सचा संगणक हाताशी नसेल, तर प्रत्येक फोल्डरमध्ये ‘ट्रान्स डॉट टीबीएल’ नावाची फाइल आहे का ते पाहावे. सीडी करणाऱ्याने तो पर्याय निवडला असेल, तर तोकड्या नावांसमोर मूळ नावे त्यात लिहिलेली सापडतील.