हात कुणाचा, यावर बरंच ठरतं

वाचकांचे प्रश्न

मेंदूत तयार होणाऱ्या, आणि जवळीक, प्रसूती, पान्हा यांच्याशी जोडलेल्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर मागच्या अंकात आलेल्या लेखानंतर नागपूर आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख स्पर्शावर होता. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : रक्त काढताना नवऱ्यानं हात धरला की धीर येतो. तोच हात लॅबमधल्या अनोळखी माणसानं धरला की अंग आखडतं. स्पर्श तर सारखाच. हा ऑक्सिटोसिनचाच खेळ का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ऑक्सिटोसिनचा वाटा आहे, पण सगळा खेळ त्याचा नाही.

त्वचेपाशी दोन्ही हात जवळपास सारखेच असतात. दंड, पाठ, चेहरा अशा केसाळ त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे बारीक मज्जातंतू असतात. त्यांच्यावर मायलिन या स्निग्ध थराचं वेष्टण नसतं, म्हणून त्यांचा संदेश सेकंदाला साधारण १ मीटर इतक्या सावकाश जातो. काय लागलं आणि कुठे लागलं हे सांगणारे जाड तंतू त्याच्या कितीतरी पट वेगानं, सेकंदाला ५० मीटरच्या आसपास, खबर पोचवतात. मंद तंतूंचा संदेश मेंदूच्या इन्सुला या घडीत उतरतो आणि तिथे ‘बरं वाटलं की नाही’ याचा हिशेब सुरू होतो. त्यात ओळख, विश्वास, प्रसंग, थोड्या वेळापूर्वी काय घडलं, सगळं धरलं जातं.

जर्मनीतल्या बॉन इथल्या संशोधकांनी २०१४ साली हे फार चतुराईनं दाखवलं. ४० पुरुषांना नाकातून २४ युनिट ऑक्सिटोसिन दिलं, दुसऱ्या खेपेला नुसतं औषधविरहित द्रावण दिलं आणि एमआरआय यंत्रात झोपवलं. आपल्याला कधी बाई, कधी पुरुष हात लावतोय अशी त्यांची समजूत करून दिली होती. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी एकच बाई एकाच पद्धतीनं हात फिरवत होती. ऑक्सिटोसिन घेतल्यावर स्पर्श जास्त सुखद वाटला तो फक्त ‘बाईचा आहे’ असं वाटलं तेव्हा. इन्सुला आणि कपाळामागच्या ऑर्बिटोफ्रंटल भागाचा प्रतिसादही तेवढ्यापुरताच वाढला. कातडीवर फरक शून्य, समजुतीत फरक.

तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळ जाणारा प्रयोग स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठातला, २०२३ सालचा. त्यात औषध दिलंच नाही. स्कॅनरमध्ये असलेल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने ठरावीक अंतरानं घेत, शरीर स्वतः किती ऑक्सिटोसिन सोडतं ते मोजलं. काही जणींना आधी जोडीदारानं आणि मग परक्या माणसानं स्पर्श केला, काही जणींच्या बाबतीत उलट क्रम ठेवला. जोडीदार आधी आला, तर नंतरच्या परक्या स्पर्शालाही ऑक्सिटोसिनचा प्रतिसाद वाढला. परका आधी आला, तर मागून जोडीदारानं हात लावला तरी प्रतिसाद फिका पडला. पहिल्या भेटीत मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाची हालचाल रक्तातल्या चढउतारांशी जुळत होती. हायपोथॅलॅमस हेच ऑक्सिटोसिन तयार होण्याचं ठिकाण.

म्हणून लॅबमध्ये नवऱ्याला आपल्यासोबत आत घ्या, सुई टोचायच्या आधी दोन मिनिटं त्याला हात धरू द्या. बाहेर येऊन मग त्यानं पाठ थोपटण्यापेक्षा हे बरं. प्रयोग तरुण जोडप्यांवर, प्रयोगशाळेत झाला होता, तेव्हा हमखास गुण येईल असं समजू नका. पण करून पाहायला खर्च काहीच नाही.

प्रश्न : आई ८१ वर्षांची, पक्षाघातानंतर अंथरुणावर. आयाबाईंनी मालिश सुरू केली की हात झटकते, मी केली तरी कधीकधी वैतागते. नेमकं कसं करावं?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : मालिश आणि हात फिरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. मालिशीत हात भराभर आणि दाबून चालतो, तो स्नायूंसाठी. त्या वेगाला सी-टॅक्टाइल तंतू फारशी दाद देत नाहीत. त्यांना सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर हा वेग मानवतो, त्यातही ३ सेंटिमीटरच्या आसपास सर्वात जास्त. म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत हात पोचायला सात-आठ सेकंद लागले पाहिजेत. बहुतेकांचा दोनच सेकंदांत पोचतो. मनात सावकाश आकडे मोजा.

दाब अगदी हलका हवा. प्रयोगांत साधारण ४० ग्रॅम वजनाइतका दाब वापरतात. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन-तीन बोटं टेकवून ४० चा आकडा आणून पाहा. आपण नेहमी किती जोर लावतो ते लगेच लक्षात येईल. पण दाब इतकाही कमी नको की गुदगुल्या होतील.

तिसरी गोष्ट तापमान. हे तंतू साधारण ३२ अंशांच्या, म्हणजे त्वचेइतक्याच उबदार स्पर्शाला चांगला प्रतिसाद देतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आधी तळहात एकमेकांवर चोळून घ्या. मे महिन्यात अडचण उलटी असते. घामानं हात चिकटतो, कातडी ओढली जाते, आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असल्यानं ते बोचतं. तेव्हा पहाटे किंवा कूलर लागल्यावर, अंग टिपून, खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब बोटांना लावून हात फिरवा. तळहातावर आणि तळपायावर हे तंतू जवळजवळ नसतातच. दंड, खांदा, पाठ, कपाळ इथे हात फिरवा.

एकाच पट्ट्यावर पुन्हा पुन्हा हात फिरवला की तंतू थकतात आणि सुखही ओसरतं. चार-पाच वेळा झालं की जागा बदला, एकूण दहा मिनिटं पुरेत. सुरुवात चांगल्या बाजूनं करा. पक्षाघात झालेल्या बाजूला कधीकधी हलका स्पर्शही आग झाल्यासारखा लागतो. तसं दिसलं तर तिथे हात फिरवू नका, डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधं आहेत. माकडहाड, टाचा, खुबा इथे लालसर डाग दिसला तर तो भाग अजिबात चोळू नका, कूस बदला. चोळल्यानं तिथलं जखमेचं भय वाढतं.

राहिल्या आयाबाई. बहुतेक घरांत त्या सकाळी येऊन थेट आंघोळ, डायपर इथूनच सुरुवात करतात. म्हणजे दिवसाचा पहिला स्पर्श परका, आणि तोही नकोसा. त्या यायच्या आधी तुम्ही पाच मिनिटं बसा. मग त्या शेजारी आल्या की तुमचा हात आईच्या खांद्यावरच राहू द्या आणि बाईंनी नाव घेऊन, सांगून, मग हात लावावा. मागून किंवा बोलल्याशिवाय लावलेला हात कुणालाही दचकवतो. आई तरीही झटकत असेल तर त्या वेळी थांबायचं. बळजबरीच्या मायेनं अंग आणखी आखडतं.

प्रश्न : ऑनलाइन ऑक्सिटोसिनचा ‘लव्ह हार्मोन स्प्रे’ मिळतो. नवरा-बायकोतला दुरावा कमी होतो म्हणे. घ्यावा का?
– एक वाचक, सीताबर्डी

उत्तर : घेऊ नका.

प्रयोगांत मोजून मात्रा देतात, अर्धा-पाऊण तास थांबतात आणि मगच मोजमाप करतात. बाजारातल्या बाटलीत किती औषध आहे हेच कळायला मार्ग नाही. ऑक्सिटोसिनची इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात, उष्णतेत त्यांचा कस उतरतो. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीतून ४५ अंशांत फिरून आलेल्या बाटलीत काय उरलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. शिवाय हेच संप्रेरक गर्भाशयाचं आकुंचन घडवतं. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखायला १० युनिट देतात ते त्यासाठीच. गरोदर बाईनं तर या वाटेला जाऊच नये.

गुणाचीही खात्री नाही. ऑक्सिटोसिनमुळे परक्यावरचा विश्वास वाढतो असा झुरिकचा प्रयोग २००५ साली गाजला होता. २०२० साली मोठ्या संख्येनं तो पुन्हा करून पाहिला, तर तसा परिणाम दिसला नाही. आणि बॉनचा प्रयोग पाहिलात तर लक्षात येईल : स्प्रेनं गोडी वाढली ती जिथे आधीच ओढ होती तिथे. अबोला धरलेल्या घरात तो काय करणार!

प्रश्न : आमचा सहा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. जवळ घेतलं की ढकलतो. ऑक्सिटोसिन कमी पडतं का? देता येईल का?
– एक आई, कामठी

उत्तर : त्याची माया कमी आहे असा याचा अर्थ बिलकुल नाही. कमतरता भरून काढली की झालं, असं सोपं गणितही नाही. ३ ते १७ वर्षांच्या २९० मुलामुलींवर अमेरिकेत झालेली चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. २४ आठवडे रोज नाकातून ऑक्सिटोसिन देऊनही सामाजिक वागण्यात नुसत्या द्रावणापेक्षा जास्त फरक पडला नाही. म्हणून कुणी हे औषध सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

अनेक स्वमग्न मुलांना हलका, अचानक स्पर्श बोचतो आणि घट्ट, स्थिर दाब चालतो. त्याच्या समोर बसा, ‘हात ठेवू?’ असं विचारा, दोन्ही तळवे खांद्यांवर न हलवता पाच-सहा सेकंद टेकवा आणि काढा. तो स्वतः टेकला तर कुशीत घ्या, पण सुटायला लागला की लगेच सोडा. पाहुण्यांनी गाल ओढणं मात्र बंद करायला लावा, कुणाला राग आला तर येऊ दे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात (मेडिकलमध्ये) ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग आहे, तिथे कोणता दाब मानवतो ते नीट तपासून घ्या.

प्रश्न : म्हशीची वगार दगावली, आता ती पान्हा सोडत नाही. शेजारी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. त्या दुधानं पोरांना अपाय होतो का?
– एक पशुपालक, काटोल

उत्तर : ऑक्सिटोसिन नऊ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन आहे, आतड्यात त्याचे तुकडे होतात, म्हणून दुधातून पोरांना त्याचा अपाय होण्याची शक्यता कमी. पोरांपेक्षा म्हशीचा तोटा मोठा. रोज टोचलं की तिचं स्वतःचं पान्हावणं मंदावतं आणि मग सुईशिवाय दूध उतरत नाही. हे औषध चिठ्ठीशिवाय विकताही येत नाही.

म्हैस बिचकली की अॅड्रेनलिन हे भीतीचं संप्रेरक वाढतं आणि पान्हा अडतो. म्हणून दूध काढणारा माणूस, वेळ आणि जागा बदलू नका. कुत्रं, लाऊडस्पीकर, नवा माणूस गोठ्याबाहेर. समोर ढेप ठेवा, कोमट पाण्यानं कास धुवा आणि सड एक-दोन मिनिटं हळूहळू चोळा. म्हशीला गाईपेक्षा जास्त वेळ लागतो, घाई केली की ती अडवून धरते. पान्हा सुटला की पाच-सात मिनिटांत दूध संपवा, कारण रक्तातलं ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच ओसरतं. आठ-दहा दिवसांत फरक दिसला नाही, तर नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. कासदाह झाला असला तरी म्हैस अशीच अडवते.