हायड्रोस्टॅटिक कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरचा लो-हाय रेंजचा लिव्हर अडकतो, कधी करकरतो. काय तपासावं?

गिअरबॉक्स उघडायच्या आधी पुढे-मागे चालवायच्या पेडलकडे बघा. या ट्रॅक्टरात पुढे-मागे जाणं तेलाचा पंप आणि त्या तेलाच्या दाबावर फिरणारी मोटर (म्हणजेच हायड्रोस्टॅट) सांभाळतात. रेंज मात्र त्यांच्या मागच्या साध्या गिअरची असते आणि बहुतेक मॉडेलांत तिथे सिंक्रोमेश, म्हणजे गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारा भाग, नसतो. म्हणून चालत्या ट्रॅक्टरवर ती बदलायचीच नाही. पूर्ण थांबा, पेडलवरून पाय काढा, मग लिव्हर हलवा. दातावर दात आला असेल तर जोर लावू नका. लिव्हर न्यूट्रलला आणून पेडल जरासं दाबून सोडा आणि पुन्हा टाका.

थांबूनही करकर येते? सपाट जागेवर रेंज टाकून पेडल मोकळं सोडा. ट्रॅक्टर हळूहळू सरकत असेल तर पेडलचं न्यूट्रल बिघडलंय, मोटरचा शाफ्ट फिरतच राहतो. मॅन्युअलप्रमाणे लिंकेज (पेडल आणि पंप यांना जोडणारे दांडे) जुळवून घ्या. माझ्या मते पहिला संशय इथेच घ्यावा.

उतारावर लिव्हर निघत नसेल तर तो बहुधा बिघाड नसतो, दातांवर ट्रॅक्टरचा भार आलेला असतो. तिथे झटापट नकोच: रेंज न्यूट्रलला गेली की हायड्रोस्टॅटची पकड सुटते आणि उरतो फक्त ब्रेक. रेंज सपाटीवरच ठरवून मग उतार धरा.

इंजिन बंद असतानाही लिव्हर जड किंवा ढिला लागला, तर लिव्हरखालचे बुश, पिना आणि गंज पाहा.