‘विषाणूजन्य’ म्हणावं का?

रामबागेतल्या एका ताईंनी विचारलंय : भाच्याच्या तपासणीच्या कागदावर ‘डिमायलिनेटिंग डिसीज’ लिहिलंय. घरातल्या आजी फक्त मराठी वाचतात. त्यांना ‘विषाणूजन्य मज्जाक्षय’ असं लिहून दिलं तर चालेल का?

ताई, नका लिहू. आजींच्या पिढीला ‘क्षय’ दिसला की टीबीच आठवणार. ‘मज्जा’ही फसवते. मज्जातंतूत ती आहे आणि हाडांच्या आतही आहे, त्यामुळे आजी बोन मॅरोची काळजी करत बसतील. (मज्जातंतूंवरच्या आवरणाला मायेलिन म्हणतात; ते नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थही मज्जाच, म्हणजे घोळ जुना आहे.) इंदुरात हिंदीतून ‘नसों की परत उतर रही है’ असं सांगतात, पण मराठीत नस म्हटलं की रक्ताचीही नस आली. मी लिहीन : ‘मज्जातंतूंवरचं आवरण झिजतंय, म्हणून मेंदूचे निरोप पोचायला उशीर होतो.’ लांबलचक आहे, पण कळतं.

खरी अडचण ‘जन्य’ची. जन्य म्हणजे त्यापासून जन्मलेलं. पीएमएल हा आवरण जाण्याचा एक आजार खुशाल विषाणूजन्य म्हणावा : प्रतिकारशक्ती ढासळली की जेसी विषाणू मेंदूतल्या मायेलिन तयार करणाऱ्या पेशीच मारतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या आवरण झिजण्याच्याच दुसऱ्या आजाराचं तसं नाही. अमेरिकी सैन्यातल्या 1 कोटीहून अधिक जणांच्या नोंदी तपासून 2022 साली असं दिसलं, की एपस्टाईन-बार विषाणूची लागण झाल्यावर या आजाराचा धोका 32 पट वाढतो. पुरावा भक्कम आहे. पण हा विषाणू जगातल्या दहांतल्या नऊ प्रौढांना कधी ना कधी शिवलेला असतो, आणि आजार होतो तो त्यातल्या फार थोड्यांना. शिवाय तिथे आवरणावर चालून जाते ती आपलीच प्रतिकारशक्ती.

अशा जागी आपल्याकडे ‘निमित्त’ आहे. ‘पावसात भिजायचं निमित्त झालं आणि दमा उसळला’ म्हटलं, तर दमा पावसाने जन्माला घातला असं कुणी समजत नाही. तसंच ‘विषाणूचं निमित्त झालं असावं’ म्हणावं. त्यातला ‘असावं’ गाळू नका. आणि ‘निमित्तमात्र’ तर मुळीच नको, कारण त्याने विषाणू किरकोळ ठरतो. 32 पट किरकोळ नाही.

भाच्याच्या कागदावर विषाणूचा उल्लेखच नसेल, तर हेही लिहू नका. आजींना आवरणाचं वाक्य पुरे.