उठून दिसायला नॉनप्रॉफिट काढायची का, आणि हे सगळं फेअर आहे का

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. अकरावीतल्या लेकीने इकडे अमेरिकेत टॉप कॉलेजेसच्या नजरेत भरावं म्हणून उन्हाळ्यात नॉनप्रॉफिट म्हणजे सेवाभावी संस्था काढावी का, आणि कॉलेज प्रवेशात रेसचा (वंशाचा) विचार करायचा नाही असा २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तरी आपल्या, म्हणजे एशियन, मुलांवर अन्याय होतोच आहे ना. मला हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले वाटतात म्हणून एकत्रच लिहितो, जरा लांबेल.

आधी पहिलं. काढू नका. वेबसाइट, लोगो, वडिलांच्या ऑफिसातल्या चार लोकांकडून देणगी आणि मुलगी फाउंडर, असे अर्ज तिथे वाचणाऱ्यांकडे ढिगाने येतात आणि आईबापांनी उभं केलेलं काय हे त्यांना बऱ्याचदा कळतं. मोठ्या युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर हजारो डॉलर भरून केलेल्या समर प्रोग्रामचंही तेच, पैसे भरून कुठे जाता येतं आणि निवड होऊन कुठे जावं लागतं हे ते लोक ओळखून असतात.

मग काय चालतं? मी बरीच वर्षं ओळखीतल्या मुलांचे एसे वाचून देतोय. एका मुलाच्या यादीत डिबेट, मॅथ क्लब, हॉस्पिटलमधलं व्हॉलंटिअरिंग असं सगळं होतं, कॉमन ॲपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकच चालणाऱ्या ऑनलाइन अर्जात, दहा ॲक्टिव्हिटीज टाकता येतात, प्रत्येकीच्या वर्णनाला १५० कॅरेक्टर, त्याने नऊच भरलेल्या. दहावी ॲक्टिव्हिटी काय म्हणून विचारलं तर म्हणे काही नाही, शनिवारी लहान मुलांच्या बेसबॉलला अंपायर असतो, पण त्यात लीडरशिप नाही ना. खोदून विचारलं तर कळलं की हा पोरगा घरी येऊन आपले कुठले निर्णय चुकले असं वाटतं ते वहीत लिहून ठेवतो, कुणाचे वडील अंगावर धावून आले आणि तेव्हा आपण खरंच चुकलो होतो का, तेसुद्धा. ती वही वाचली की पोरगा कसा आहे ते कळत होतं, बाकीच्या नऊ ओळींतून काहीच कळत नव्हतं. ६५० शब्दांचा एसे त्याने त्याच्यावर लिहिला. तुमच्या लेकीचंही असं काहीतरी असणार जे ती कुणी सांगितलं नाही तरी करते, ते शोधा आणि त्यालाच वेळ द्या.

आता फेअरनेस. तो निकाल ज्यात आला त्या हार्वर्डच्या केसमध्ये एशियन मुलांना पर्सनल रेटिंगमध्ये, म्हणजे स्वभाव-व्यक्तिमत्त्वाच्या मार्कांत, सरासरी कमी मार्क पडत होते हे आकड्यांसकट समोर आलं, त्याचा राग येणं बरोबरच आहे, मलाही आला. पण त्याच केसच्या डेटामधून हेही निघालं की तिथे घेतलेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त मुलं एकतर रिक्रूट केलेले खेळाडू, नाहीतर लेगसी म्हणजे आईबाप तिथलेच, नाहीतर प्राध्यापकांची किंवा डीनच्या खास यादीतली. एशियन, ब्लॅक, हिस्पॅनिक मुलांमध्ये हा आकडा १६ टक्क्यांच्याही खाली होता. निकालाने रेसचा विचार बंद केला, या याद्यांना हातही लावला नाही. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी वगैरेंचा २०२३ चा अभ्यास बघा, सॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर सारखा असला तरी सगळ्यात श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं हार्वर्डसारख्या आयव्ही लीग आणि त्या तोडीच्या कॉलेजांत मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात जातात. त्याची कारणं तीन, लेगसी, खेळाडूंची भरती आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींचं रेटिंग, जे प्रायव्हेट स्कूलच्या मुलांना चढं मिळतं. म्हणजे ही विकतची नॉनप्रॉफिट आहे ना, ती याच तिसऱ्या कारणात येते. अन्याय होतोय म्हणायचं आणि त्याच दुकानात रांग लावायची, हे मला पटत नाही. आणि शेजारच्या ब्लॅक किंवा हिस्पॅनिक मुलाने आपली सीट घेतली असं घरात, मुलीसमोर, कृपा करून बोलू नका.

बदल होतोय, हळू होतोय. एमआयटी लेगसी बघतच नाही, जॉन्स हॉपकिन्सने सोडली, ॲमहर्स्टने सोडली, कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये प्रायव्हेट कॉलेजांनाही बंदीचा कायदा केला. कॉलेजांची यादी करताना हे बघा.

सॅटचं म्हणाल तर द्या. डार्टमथने २०२४ मध्ये टेस्ट परत सक्तीची केली तेव्हा त्यांना दिसलं होतं की साध्या घरातली मुलं जे स्कोअर लपवत होती ते पाठवले असते तर त्यांना फायदाच झाला असता, कारण स्कोअर त्या मुलाच्या शाळेच्या मानाने वाचला जातो. काउन्सेलर शाळेची माहिती सोबत पाठवतात, तिथे किती एपी (कॉलेजच्या पातळीचे कोर्स) आहेत, मुलं पुढे कुठे जातात वगैरे, त्यामुळे शाळेत नसलेल्या एपीसाठी जीव काढू नका. शिफारसपत्र मात्र जिच्या वर्गात ती प्रश्न विचारते त्या टीचरकडूनच घ्या, ए मिळालेल्या विषयाच्याच असं नाही.

आणि अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला इतरांच्या आधी केलेला अर्ज. सगळे म्हणतात चान्स वाढतो, पण ते बंधनकारक असतं, त्यांनी प्रवेश दिला की बाकीच्या कॉलेजांची एड (आर्थिक मदत) तुलना करून बघता येत नाही, म्हणून ते पैशाची चिंता नसलेल्यांच्याच जास्त सोयीचं आहे. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाऊन आपल्याला साधारण किती खर्च येईल ते तो सांगतो. टॅक्स रिटर्न समोर घेऊन दोघं नवराबायको बसा, लेकीलाही बसवा, तिच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा आकडा काढा आणि मगच अर्ली डिसिजन कुठे टाकायचं की टाकायचंच नाही ते ठरवा. आकडे आले की इथे लिहा, बघून सांगतो.